चाकाचं बेअरिंग: घरी शिका, मग मजुरी घ्या

रिसोड-मंगरूळपीरकडे पावसाळ्यात गाड्या शेतरस्त्याच्या चिखलातूनच जातात. सील फाटलं की पाणी आत शिरतं, ग्रीस धुतलं जातं आणि चाक घरघर करायला लागतं. हे काम शिकायला घरचीच गाडी घ्या.

डबल स्टँडवर लावून चाक आडवं हलवा. खडखड लागली तर बेअरिंग गेलं. चाक उतरवा, सील काढा, मधली नळी (स्पेसर) थोडी सरकवून पलीकडून समोरासमोर ठोकत बेअरिंग बाहेर काढा. दुकानात "स्प्लेंडरचं द्या" म्हणू नका, त्यावरचा नंबर दाखवा. ६३०१ असेल तर भोक १२ मिमी, बाहेरचा व्यास ३७, जाडी १२. पुढे टू-आर-एस म्हणजे दोन्हीकडे रबर सील. आपल्या चिखलाला तेच बरं.

नवीन बसवताना फक्त बाहेरच्या रिंगवर ठोका, तेवढ्याच व्यासाचा सॉकेट ठेवून. आतल्या रिंगवर ठोकलं तर मार गोळ्यांवर जातो, नवं बेअरिंगही लवकर आवाज करतं. एक बसलं की नळी टाका, मग दुसरं. नळी विसरलात तर एक्सल आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे दाबल्या जातात आणि चाक जड फिरतं. अशी गाडी देऊ नका, माणूस पडेल.

मजुरी बेअरिंगच्या किमतीत मिसळू नका, वेगळी सांगा. जुनं बेअरिंग गिऱ्हाईकाच्या हातात देऊन फिरवायला लावा, मग भावाची घासाघीस कमी होते. आणि नवं बेअरिंग हाताच्या दाबानेच हबमध्ये गेलं तर हब झिजलंय. पंच मारून भागवायचं नाही, हब बदलायला सांगायचं. नाही म्हणाला तर काम सोडा.