छतावरचे चेहरे

आमच्या घरी कुणाचा गळा गोड निघाला की वडीलधारी म्हणत, ‘याला लहने दाऊदी लाभलाय.’ हा दाऊद म्हणजेच बायबलमधला दावीद, तंतुवाद्य वाजवणारा आणि कराराच्या कोशापुढे देहभान विसरून नाचणारा राजा. समुद्र ओलांडल्यावर डफ घेऊन नाचणारी मिर्यामही त्याच ग्रंथातली. धर्मकथेत गाणं-नाचणं असं मुरलेलं आहे.

अठराव्या शतकात युरोपात रोकोको शैली बहरली. हलके रंग, वळणदार रेषा, वाऱ्यावर उडणारी वस्त्रं. या चित्रांत कुणी नाचत नसलं, तरी चित्रच ताल धरतं. व्हेनिसच्या आंजेलो राफाएले चर्चमध्ये ऑर्गनच्या सज्जाच्या कठड्यावर तोबियासची गोष्ट रंगवली आहे. आंधळ्या बापाचा हा मुलगा प्रवासाला निघतो. सोबतचा वाटसरू देवदूत आहे, हे त्याला ठाऊक नसतं. १७५०च्या सुमारास ग्वार्दी बंधूंपैकी बहुधा थोरल्या ज्यानअंतोनिओनं ही चित्रं काढली. ठळक बाह्यरेषा जवळजवळ नाहीतच. कुंचल्याचे फटकारे नुसते थरथरतात. वर ऑर्गन वाजत असताना खाली हे रंग कसे दिसत असतील, कल्पना करा.

त्याच शहरात पिएता नावाचा अनाथाश्रम होता. टाकून दिलेली बाळं तिथं वाढत आणि निवडक मुलींना संगीत शिकवलं जाई. १७०३पासून विवाल्दी तिथं व्हायोलिन शिकवू लागला. या मुली चर्चमध्ये जाळीआडून गात-वाजवत. लोक दूरदेशांहून ऐकायला येत. सूर कानी पडत, चेहरे मात्र धड दिसत नसत. अनेकींना आडनाव नव्हतं, वाद्यावरून ओळख. त्यांतली एक प्रसिद्ध वादक, आन्ना मारिया ‘दाल व्हायोलिन’, म्हणजे व्हायोलिनवाली.

१७५४-५५मध्ये तिएपोलोनं आश्रमाच्या नव्या चर्चचं छत रंगवलं. विषय होता मारियेचा स्वर्गातला राज्याभिषेक. हा प्रसंग बायबलमध्ये जसाच्या तसा नाही. श्रद्धेनं तो घडवला. चित्रात भोवती ढगांवर गाणारे, वाद्यं वाजवणारे देवदूत आहेत. खाली जाळीआड मुली, वर उघड्या आभाळात त्यांचंच जणू प्रतिबिंब.

विवाल्दी १७४१मध्येच गेला होता. आन्ना मारिया मात्र १७८२पर्यंत जगली. ते छत पूर्ण झालं तेव्हा ती साठीच्या घरात होती. मान वर करून तिनं ते पाहिलं असेल का, आणि त्या गर्दीत स्वतःला शोधलं असेल का? नोंद नाही. पण ज्यांना जगानं चेहरा नाकारला, त्यांच्या सुरांना चित्रकारानं चेहरे दिले, असं मला वाटत राहतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)