तिकीट कोणाचें आणि मत कोणाचें ?

निवडणूक जवळ आली म्हणजे घरोघरीं एक प्रश्न हटकून निघतो : "मत कोणास द्यावयाचें ?" परंतु ज्या दोघांतिघांतून आपण एकाची निवड करितों, त्यांस आपल्यापुढें आणून उभें कोणीं केलें, हा त्याच्या आधींचा प्रश्न फारच थोड्या घरांत विचारला जातो. वास्तविक लोकसत्तेचें अर्धें मर्म या आधींच्या प्रश्नांत आहे. काय शिजवावयाचें हें एकानें ठरवावें आणि पंक्तींत बसणारांनीं फक्त "भाजी वाढा कीं आमटी वाढा" एवढेंच सांगावें, अशी ज्या घरची रीत, तेथें जेवणारांची आवडनिवड कितीशी चालते हें आमच्या गृहिणींस सांगावयास नको.

अमेरिकेंत उमेदवार ठरविण्यासाठीं देखील मतदान होतें. त्यास प्राथमिक निवडणूक म्हणतात. पुढाऱ्यांनीं बंद खोलींत नांवें ठरवावीं हें लोकांस पसंत पडेना, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं विस्कॉन्सिन वगैरे राज्यांनीं ही पद्धत कायद्यानें सुरू केली. पुढें १९६८ सालीं ह्यूबर्ट हम्फ्री यांस एकाही प्राथमिक निवडणुकींत न उतरतां अध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली, तेव्हां शिकागो येथील अधिवेशनाच्या वेळीं मोठें रण माजलें. त्यानंतर नियम बदलले, आणि उमेदवारीचा निकाल मुख्यतः या निवडणुकांवरच लागूं लागला.

हा उपाय निर्दोष ठरला काय ? होटेलिंग नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १९२९ सालीं एक साधा विचार मांडला होता. तो आपल्याकडील दाखला घेऊन असा सांगतां येईल : साताऱ्याच्या राजपथावर एकाच मालाचीं दोन दुकानें आहेत असें समजा. गिऱ्हाईक जवळच्या दुकानीं जाणार. म्हणून दोन्ही दुकानदार हळूहळू रस्त्याच्या मध्याकडे सरकतील. अँथनी डाउन्स यांनीं १९५७ सालीं हाच न्याय राजकीय पक्षांस लावला. परंतु प्रत्येक दुकानदारास दुकान मांडण्यापूर्वीं आपापल्या टोकाच्या रहिवाशांची परवानगी घ्यावी लागली तर ? आणि दवंडीवाला मध्यावरची गोष्ट सोडून टोकाच्या भांडणाचीच दवंडी पिटूं लागला तर ? मग मध्य ओस पडावयाचा. प्राथमिक निवडणुकींत बहुधा थोडे आणि कट्टर लोकच मत देतात. वृत्तपत्रांचें लक्ष सुरुवातीच्या आयोवा, न्यू हॅम्पशायर अशा लहान राज्यांवर खिळतें. आणि ज्याच्या नांवाचा तेथें गाजावाजा होतो, त्याच्याकडे पैसा व अनुयायी वाहूं लागतात.

आपल्याकडे ही पद्धत रुजलेली नाहीं. काँग्रेसनें २०१४ सालीं कांहीं थोड्या मतदारसंघांत तसा प्रयोग केला, परंतु तो वाढला नाहीं. आपल्याकडे तिकीट वरून येतें. तें लोकांस न रुचल्यास काय घडतें, याचें ठळक उदाहरण २०२४ सालीं सांगलीनें दाखविलें.

महाविकास आघाडीच्या जागावाटपांत कोल्हापूरची जागा काँग्रेसकडे गेली आणि सांगलीची उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे. शिवसेनेनें दोन वेळां महाराष्ट्र केसरी झालेले मल्ल चंद्रहार पाटील यांस उभें केलें. वसंतदादा पाटील यांचे नातू विशाल पाटील काँग्रेसची उमेदवारी मागत होते. ती न मिळाल्यामुळें ते लिफाफा हें चिन्ह घेऊन अपक्ष उभे राहिले. त्या दिवसांत या रुसव्याफुगव्याच्या बातम्यांनीं वृत्तपत्रें भरून गेलीं होतीं. ७ मे रोजीं मतदान झालें. विशाल पाटील यांस ५,७१,६६६, भाजपचे संजयकाका पाटील यांस ४,७१,६१३ आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवारास ६०,८६० मतें पडलीं. निवडून आल्यावर विशाल पाटील यांनीं काँग्रेसलाच पाठिंबा दिला. म्हणजे जी प्राथमिक निवडणूक पक्षांनीं घेतली नाहीं, ती मतदारांनीं मतदानाच्या दिवशींच उरकून घेतली !

यांत आनंद मानण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु एक उणेंही आहे. सांगली जिल्ह्यांत एकीकडे कृष्णेचा पूर आहे; २००५ आणि २०१९ सालचे महापूर कोण विसरेल ? दुसरीकडे जत, आटपाडी या तालुक्यांचा पाण्याचा प्रश्न आहे. पूर आणि दुष्काळ एकाच जिल्ह्याचे. त्यांचा तोड सर्वांनीं मिळून काढावयाचा. आमच्या मतें राजकारणांतला खरा मध्य हाच. डाव्या-उजव्यांच्या मधोमध मोजून काढलेला बिंदू म्हणजे मध्य नव्हे; ज्या गोष्टींवांचून कोणाचेंच चालत नाहीं, त्या गोष्टी म्हणजे मध्य. तिकिटाचें भांडण जितकें गाजतें, तितका हा मध्य कानांआड होतो.

साताऱ्याची कथा याहून वेगळी, पण बोध तोच. २०१९ सालीं राष्ट्रवादीच्या तिकिटावर निवडून आलेले उदयनराजे भोसले यांनीं थोड्याच महिन्यांत राजीनामा देऊन भाजपमध्यें प्रवेश केला, आणि पोटनिवडणूक लागली. १८ ऑक्टोबर रोजीं साताऱ्याच्या सभेंत भर पावसांत शरद पवार बोलले. लोकसभेचा उमेदवार निवडण्यांत आपली चूक झाली, अशी कबुली त्यांनीं त्या भाषणांत दिली. भिजणाऱ्या वृद्ध पुढाऱ्याचें चित्र रातोरात घरोघरीं पोंचलें. श्रीनिवास पाटील ८७ हजारांहून अधिक मतांनीं निवडून आले. हा सारा पावसाचा प्रताप, असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु लोकांच्या ध्यानांत पाऊस राहिला, आणि उमेदवाराच्या निवडीविषयींची ती कबुली, जी आमच्या मतें अधिक मोलाची होती, ती मागें पडली.

केवळ गाजावाजानें मतदार शहाणा होत नाहीं, हेंही साताऱ्यानेंच दाखविलें. २०२४ सालीं तेथें उदयनराजे ३२,७७१ मतांनीं विजयी झाले. प्रतिपक्षाचें चिन्ह "तुतारी वाजविणारा माणूस" हें होतें. त्याच्याशीं साम्य असलेल्या पिपाणीच्या चिन्हावर एका अपक्षास ३७ हजारांहून अधिक मतें पडलीं. तीं सर्व चुकून पडलीं असें कोणी सिद्ध करूं शकणार नाहीं; पण महिनाभर चाललेल्या गलबल्यांत चिन्हाची साधी ओळखही पक्की झाली नसेल, ही शंका मनांतून जात नाहीं.

यशवंतराव चव्हाण या दोन्ही जिल्ह्यांचे. जन्म देवराष्ट्र्याचा, तें गांव आज सांगली जिल्ह्यांत. कर्मभूमि कराडची, तें साताऱ्यांत. ते बेरजेच्या राजकारणाचा पुरस्कार करीत. भिन्न मतांचीं माणसें जोडून पुढें जावयाचें, हा त्याचा अर्थ. वजाबाकीची बातमी चटकदार होते. बेरजेची होत नाहीं. म्हणून बेरीज शोधण्याचें काम वाचणारानें स्वतःच केलें पाहिजे.

एकत्र कुटुंबांत याची सोय आयती आहे. आजोबांचा पक्ष एक, नातसुनेचा दुसरा. तरी आडाला पाणी आहे कीं नाहीं याविषयीं दोघांचें दुमत नसतें. पुढील निवडणुकीच्या वेळीं "मत कोणास ?" हें विचारण्यापूर्वीं महिना दोन महिने आधीं "उमेदवार कोण असावा, आणि कशासाठीं ?" हा प्रश्न रात्रीच्या जेवणानंतर एकदां निघूं द्यावा. निघालेलें मत आपल्या भागांतील पक्षकार्यकर्त्याच्या कानांवर घालावें. ताट वाढून झाल्यावर कुरकुर करण्यापेक्षां, चूल पेटण्यापूर्वीं बोललेलें केव्हांही बरें.