नागरिकांचा बिनतारी पट्टा : देशोदेशीचे कायदे आणि संच बसविण्याची रीत

बिनतारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात. एक आकाशवाणी. ती बोलते, आपण ऐकतो. दुसरी म्हणजे पोलिसांच्या गाडीत खरखरणारा संच. तेथे दोन्ही बाजूंनी बोलणे होते, परंतु त्यात सामान्य माणसाने तोंड घालावयाचे नसते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे. परीक्षा द्यावयाची नाही, कोणत्या कंपनीचे वर्गणीदार व्हावयाचे नाही, मनोरा नाही, केबल नाही. गाडीत किंवा घरात एक संच, त्याला एक एरियल, आणि आसपासच्या दहापाच किलोमीटरांत जो कोणी ऐकत असेल त्याच्याशी थेट बोलणे. याला इंग्रजी मुलखात सिटिझन्स बँड किंवा नुसते सी. बी. म्हणतात. आपण नागरिकांचा पट्टा म्हणू.

खिशात मोबाईल असता हा उपद्व्याप कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्तही आहे. परंतु मोबाईलवर बोलावयाचे तर कोणाशी बोलावयाचे हे आधी ठाऊक पाहिजे, त्याचा नंबर पाहिजे. धुक्यात घाट उतरताना पुढच्या वळणावर मालमोटार आडवी झाली आहे हे ज्याला दिसते, त्याचा नंबर आपल्याजवळ कोठून असणार? सी. बी. वर तो माणूस सर्वांना उद्देशून एकदाच बोलतो आणि मागचे दहाजण गाडी सावकाश घेतात. म्हणूनच हे यंत्र मुख्यतः रस्त्यावरच्या लोकांचे झाले.

थोडे शास्त्र पाहू. हा पट्टा २७ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. प्रकाशाच्या वेगावरून हिशेब केला, म्हणजे ३०० ला २७ ने भागले, की लहरीची लांबी निघते : सुमारे ११ मीटर. ही ११ मीटरांची लहर मोठी चमत्कारिक आहे. एरवी ती जमिनीलगत जेमतेम पाचदहा किलोमीटर जाते. परंतु सूर्यावर डाग वाढले, की आकाशातील वरच्या विद्युन्मय थरांवरून ती परतते आणि हजार-दोन हजार किलोमीटरांवर जाऊन उतरते. मग शेजारच्या गावचा मित्र ऐकू येत नाही आणि परदेशातील अनोळखी माणूस कानाशी बोलल्यासारखा वाटतो. हौशी लोकांना याची मौज वाटते. सरकारांना मात्र याच गुणामुळे धास्ती वाटत आली. आपली लहर सीमेवर थांबत नाही आणि कायदा तर सीमेवरच बदलतो. या विषयातील सारी गुंतागुंत तेथून निघते.

या गोष्टीचे माहेर अमेरिका. दुसरे महायुद्ध संपताच तेथील दळणवळण आयोगाने नागरिकांसाठी काही लहरी राखून ठेवण्याचे ठरविले. प्रथम दिलेल्या लहरी फार उच्च वारंवारतेच्या होत्या, आणि त्यांवर चालणारे संच महाग पडत. १९५८ साली २७ मेगाहर्ट्झवर २३ चॅनेल खुले केले, तेव्हा हे यंत्र सुतार, नळ दुरुस्त करणारे, शेतकरी यांच्या आवाक्यात आले. पंधरा वर्षे ते असे मुकाट्याने कामावर होते. १९७३ साली तेलाची टंचाई आली, पाठोपाठ वेगाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, आणि मालमोटारवाल्यांनी पेट्रोल कोठे मिळते व पोलीस कोठे दबा धरून आहेत हे एकमेकांना सांगण्यासाठी सी. बी. हाती घेतली. मग साऱ्या देशाला तिचे वेड लागले. टोपणनावे घेण्याची चाल पडली. अध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नीदेखील ‘फर्स्ट मामा’ या नावाने त्यावर बोलत. गर्दी इतकी झाली की १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल ४० करावे लागले, आणि १९८३ मध्ये सरकारने वैयक्तिक परवाना देण्याचे कामच सोडून दिले.

आजची अमेरिकन स्थिती अशी : २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत ४० चॅनेल, साध्या ए. एम. पद्धतीने ४ वॅट, एस. एस. बी. पद्धतीने १२ वॅट. एफ. एम. ला २०२१ मध्ये मुभा मिळाली. ९ क्रमांकाचे चॅनेल संकटकाळासाठी राखलेले, १९ क्रमांकाचे रूढीने मालमोटारवाल्यांचे. परवाना नको, परंतु संच मात्र आयोगाने मान्य केलेलाच हवा, आणि त्याची ताकद वाढविणारे जोडयंत्र लावणे हा गुन्हा. ‘परवाना नको’ याचा अर्थ ‘कायदा नाही’ असा करून घेणारे तेथेही पुष्कळ आहेत. शेजारच्या कॅनडात हेच चॅनेल चालतात. नाव तेवढे निराळे.

ब्रिटनची कथा अधिक उद्बोधक आहे. अमेरिकेतून चोरून आणलेल्या संचांवर तेथे १९७० नंतरच्या दशकात हजारो लोक बेकायदा बोलत होते. सरकार म्हणे, यामुळे दूरदर्शन संचांत व्यत्यय येतो, दूरनियंत्रणाची खेळण्यातील विमाने कोसळतात. लोक म्हणत, अमेरिकेत चालते ते येथे का नको? अखेर २ नोव्हेंबर १९८१ रोजी परवानगी मिळाली, पण अगदी ब्रिटिश थाटाची. पद्धत केवळ एफ. एम., आणि चॅनेल जगात कोठेच नसलेले : २७.६०१२५ ते २७.९९१२५ मेगाहर्ट्झ. म्हणजे ज्यांच्याजवळ अमेरिकन संच होते ते बेकायदाच राहिले. घरावरील एरियल ७ मीटरांहून उंच असेल तर ताकद एक दशांश करावी असाही नियम होता आणि त्यासाठी संचावर एक बटण असे; ते किती जणांनी दाबले असेल कोण जाणे! पुढे युरोपीय चॅनेलही मिळाले, २००६ च्या डिसेंबरात परवाना गेला, आणि २०१४ मध्ये ए. एम. व एस. एस. बी. ला मान्यता मिळाली. तेहतीस वर्षांपूर्वी ज्याकरिता संच जप्त होत, ते आज रीतसर आहे.

युरोप खंडातील बहुतेक देशांनी अमेरिकेचेच ४० चॅनेल घेतले. ४ वॅट एफ. एम. हा सर्वत्र चालणारा पाया समजावा. परंतु बारकावे देशागणिक आहेत. जर्मनीत ४० च्या खाली आणखी ४० चॅनेल, एकूण ८० आहेत. ते वरचे चाळीस घेऊन फ्रान्समध्ये गेले की ते बेकायदा ठरतात. ब्रिटिश खास चॅनेल ब्रिटनबाहेर काढताच कामा नये. पोलंडमध्ये तर मौज आहे. तेथे सारे चॅनेल ५ किलोहर्ट्झ खाली सरकलेले असतात, आणि मालमोटारवाले ए. एम. वर बोलतात. तेव्हा बर्लिनकडून वॉर्साकडे जाणाऱ्या चालकाने १९ नंबर लावूनच ठेवला, तरी २७.१८५ ऐवजी २७.१८० वर गेल्यावाचून त्याला पोलिश बोलणे स्वच्छ ऐकू येत नाही.

यावर कारखानदारांनी तोडगा काढला आहे. हल्लीच्या बहुदेशी संचांत एक खूण निवडता येते : एक युरोपची, एक जर्मनीची, एक पोलंडची, एक ब्रिटनची. खूण बदलली की चॅनेल, ताकद व पद्धत तिन्ही बदलतात. सीमा ओलांडल्यावर पहिल्या थांब्यावर ही खूण बदलणे हे चालकाचे काम. संच कायदेशीर दुकानातून घेतला म्हणजे आपण सुटलो असे नाही. आणखी एक गोष्ट : जर्मनीत २०१७ मध्ये वाहतुकीचे नियम बदलले, तेव्हा चालवताना हातात धरावयाच्या मायक्रोफोनवरही निर्बंध आले. ज्या देशात जावयाचे तेथील बिनतारी कायद्याबरोबर रस्त्याचा कायदाही पाहिला पाहिजे.

ऑस्ट्रेलियात १९७७ मध्ये सी. बी. कायदेशीर झाली. २७ मेगाहर्ट्झ तेथेही आहे, पण खरी वहिवाट ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपास. लहर लहान म्हणून एरियल लहान, आणि दूरदेशीचे आवाज घुसत नाहीत. पूर्वी ४० असलेले चॅनेल आता ८० आहेत. त्यांपैकी ५ आणि ३५ हे कायद्याने संकटकाळाचे. त्यांवर गप्पा मारणे हा अपराध आहे. ४० नंबर हमरस्त्याचा. ज्या मैदानी रस्त्यांवर शेकडो किलोमीटर मोबाईलचा पत्ता नसतो, तेथे पन्नास मीटर लांबीची ‘रोड ट्रेन’ मागून येत असेल, तर तिला वाट देण्याघेण्याचे बोलणे याच नंबरावर होते. आपल्याकडची पुष्कळ मुले आता तिकडे नोकरीधंद्याला आहेत. सुटीत गाडी काढून आतल्या मुलखात जाण्यापूर्वी त्यांनी हा पाच वॅटांचा संच अवश्य बसवावा. मात्र हा संच अमेरिकेत किंवा युरोपात चालणार नाही.

जपानचे धोरण अगदी कंजूष आहे : आठ चॅनेल, अर्धा वॅट, आणि एरियल संचालाच जडवलेले. अमेरिकन संच तेथे सरळ बेकायदा.

आता आपल्या घरची गोष्ट. भारतात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मुक्त केला. ताकद जास्तीत जास्त ५ वॅट. अट अशी, की दुसऱ्या कोणाला आपला उपद्रव होता कामा नये, आणि आपल्याला झाला तर तक्रार करता येणार नाही. ही अट उगाच नाही. हीच जागा जगभर उद्योग व वैद्यक यांच्या यंत्रांना दिलेली आहे. दुखऱ्या सांध्याला शेक देणारे डायथर्मी यंत्र २७.१२ वर चालते. गल्लीत असा दवाखाना असला, तर त्याची घरघर निमूटपणे ऐकावी.

परंतु नियमातील दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत : एरियल संचाच्या अंगचेच असले पाहिजे. म्हणजे हातातला संच चालेल. मोटारीच्या टपावर दांडी लावणे किंवा गच्चीवर खांब उभारणे या सवलतीत बसत नाही. मी तर म्हणेन, या एका अटीने सवलतीतील निम्मे सार काढून घेतले आहे. घाटातून जाणाऱ्या मालमोटारीला ज्या एरियलची गरज आहे तेच वर्ज्य. दुसरी गोष्ट आकड्यांची. आपला पट्टा २७.२८३ ला संपतो. अमेरिकन २७ वे चॅनेल २७.२७५ वर आहे, २८ वे २७.२८५ वर. तेव्हा भाच्याने न्यू जर्सीहून ४० चॅनेलचा संच आणला, तर त्यातील २८ ते ४० येथे वापरता येत नाहीत. काही युरोपीय संचांत भारताची निराळी खूण असते, ती लावली की २७ च चॅनेल उरतात. शिवाय संचाला केंद्र सरकारच्या बिनतारी नियोजन विभागाची नमुना-मंजुरी लागते. सामानातून आणलेल्या संचाजवळ ती नसते, आणि मग तो विमानतळावर अडकून पडू शकतो.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ व १९३३ चे जुने कायदे बाजूला सारले, आणि त्याची बरीच कलमे २०२४ मध्ये अमलात आली. जुन्या कायद्यांखालील नियम, नवे होईपर्यंत, चालू ठेवण्याची तरतूद त्यात आहे. तरी खरेदीपूर्वी त्या विभागाचे ताजे नियम पाहून घ्यावेत. मुलांसाठी आणल्या जाणाऱ्या जोडीच्या वॉकी-टॉकींचेही असेच आहे. आपल्याकडे २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ मोकळे आहे. अमेरिकन जोड्या ४६२ व ४६७ वर बोलतात. दिसायला खेळणे, पण येथे परवान्यावाचून चालविता येत नाही.

जेथे बाहेरील एरियलला मुभा आहे अशा देशात गाडीवर संच कसा बसवावा, ते आता सांगतो. नवशिका माणूस सारे पैसे संचावर खर्च करतो आणि एरियल स्वस्तातले घेतो. करावे नेमके उलट. चार वॅटांची मर्यादा सर्वांना सारखीच आहे. फरक पडतो तो एरियलने. ११ मीटरांचा चौथा हिस्सा म्हणजे पावणेतीन मीटर, ही आदर्श लांबी. एवढी दांडी मोटारीवर झेपत नाही, म्हणून तारेचे वेटोळे घालून ती मीटर-दीड मीटरात बसवितात. जितकी आखूड, तितकी कमजोर. जागा टपाच्या मधोमध. कारण गाडीचा पत्रा हा एरियलचा दुसरा अर्धा भाग असतो. एका कोपऱ्यात बसवली तर एका दिशेला आवाज जास्त जातो, दुसरीकडे कमी. वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून घ्यावी. सिगारेट पेटविण्याच्या खाचेतून घेतली तर इंजिनाची कुरकुर आवाजात मिसळते.

एरियल जुळविल्याशिवाय बोलण्याचे बटण दाबू नये. एरियल बेजोड असले, तर पाठविलेली शक्ती मागे फिरते आणि संचाच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला जाळते. हे मोजण्याचे मीटर स्वस्त मिळते. त्यावर उलट फिरलेल्या लहरीचे प्रमाण कळते. १.५ पर्यंत आकडा उत्तम, ३ च्या वर गेला तर बोलणे बंद. गाडी मोकळ्या मैदानात उभी करावी, दारे लावावीत, आणि पहिल्या व चाळिसाव्या चॅनेलवर मोजावे. पहिल्यावर आकडा जास्त आला तर दांडी आखूड आहे, ती थोडी वाढवावी. चाळिसाव्यावर जास्त आला तर लांब आहे, थोडी कमी करावी. दोन्हीकडे सारखाच वाईट आला, तर दांडीला हात न लावता आधी केबल व पत्र्याशी असलेली जोडणी तपासावी. घरावर खांब उभा करणाऱ्याने विजेच्या तारांपासून खांबाच्या उंचीहून अधिक अंतर राखावे. खांब उभा करताना तो कोणत्या बाजूला कोसळेल हे आपल्या हाती नसते.

संच सुरू झाला, की स्क्वेल्चचे बटण खरखर नुकतीच थांबेल तेथवर फिरवावे. फार फिरवले तर दूरचा क्षीण आवाजही बंद होतो. मग दोन मिनिटे नुसते ऐकावे. एका वेळी एकालाच बोलता येते, दोघे बोलले तर कोणाचेच कळत नाही. चॅनेल मोकळे आहे असे वाटले तर हाक द्यावी, उत्तर आले की दुसऱ्या रिकाम्या चॅनेलवर सरकावे, आणि हाकेचे चॅनेल पुढच्या माणसासाठी सोडावे.