वीस शिपाई, एक ट्रे

छोट्या शिपायांच्या युद्धखेळात वेळ कुठे खर्च होतो, हे एच. जी. वेल्स यांनी फार लवकर ओळखलं होतं. 1913 साली आलेल्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्यांनी चालीला घड्याळच लावलं: साधारण तीस शिपायांमागे एक मिनिट आणि प्रत्येक तोफेमागे एक मिनिट. 110 शिपाई आणि 3 तोफा असल्या तर सात मिनिटं पुरे. शिपाई मात्र एकेक करूनच हलवायचे.

त्याआधी प्रशियात हा प्रश्न आलाच नव्हता. 1824 मध्ये राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने रचलेल्या ‘क्रीगश्पील’मध्ये 1:8000 प्रमाणाच्या नकाशावर तुकडी म्हणजे एक ठोकळा. ठोकळा सरकवला की तुकडी सरकली. पण ठोकळ्याला चेहरा नसतो. आजच्या हौशी खेळाडूला प्रत्येक शिपाई स्वतंत्र रंगवायचा असतो आणि फौज मात्र एका झटक्यात पुढे न्यायची असते. या दोन्ही हट्टांना पुरून उरणारी वस्तू म्हणजे मूव्हमेंट ट्रे: अख्खी तुकडी एकदम सरकवता येईल असं सपाट तबक.

नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा ‘वॉरहॅमर’ 1983 साली आला. त्यात पायदळ चौकोनी बेसवर, म्हणजे पायाखालच्या बैठकीवर, खांद्याला खांदा लावून उभं राहतं. 25 मिलिमीटरचे बेस पाच रुंद आणि चार खोल मांडले की 125 बाय 100 मिलिमीटरची तुकडी होते. ट्रे कापताना मात्र दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर सैल ठेवावा लागतो, कारण रंगाचे आणि वाळूचे थर बेसच्या कडांवर चढलेले असतात. मापाला माप कापलेल्या ट्रेत पाचवा शिपाई बसत नाही. दुसरी अडचण भाल्यांची. मागच्याचा भाला पुढच्याच्या पाठीत घुसतो, म्हणून जाणती मंडळी बेसच्या तळाला क्रमांक घालून ठेवतात आणि प्रत्येकाला त्याच्याच जागी उभं करतात.

ट्रेचं खरं मोल कळतं ते तुकडी वळवताना. रांग वळते ती एका पुढच्या कोपऱ्यावर, आणि अंतर मोजायचं ते बाहेरच्या टोकाच्या शिपायाचं. पाच इंच रुंद तुकडीची चाल चार इंच असेल, तर ती जेमतेम 45 अंश वळते आणि सगळी चाल तिथेच संपते. काटकोनात वळायचं तर बाहेरच्या टोकाला जवळजवळ आठ इंच चालावं लागतं. वीस बेस हाताने फिरवले तर रांग हमखास वाकडी होते आणि मग अर्ध्या इंचावरून वाद. ट्रे असला की कोपऱ्यावर एक बोट टेकवायचं, दुसऱ्या हाताने ट्रे फिरवायचा. रुंद रांगेला वळणं किती महाग पडतं, हे तेव्हा खेळाडूच्या मनगटाला कळतं.

शिपाई पडले की मागच्या रांगेतून उचलायचे. पुढची फळी भरलेली राहते आणि ट्रेचा मागचा भाग उघडा पडत जातो. मँटिकच्या ‘किंग्ज ऑफ वॉर’मध्ये शिपाई उचलायचेच नसतात, फक्त तुकडीचं नुकसान मोजायचं. त्यामुळे तिथे अनेकजण सगळे शिपाई एकाच मोठ्या बेसवर कायमचे चिकटवून देखावा उभारतात. दिसायला ते सुरेख असतं, पण माझा कल सुट्या शिपायांच्या ट्रेकडेच. रोडावलेली तुकडी डोळ्यांना दिसली पाहिजे.

चढावर ट्रे घसरतो, तेव्हा प्लास्टिकचे हलके शिपाई आडवे होतात. त्यावर उपाय चुंबकाचा: बेसच्या तळाला चुंबक, ट्रेत पातळ लोखंडी पत्रा. खेळाच्या टेकड्या पुष्कळदा पायऱ्यापायऱ्यांच्या, सपाट माथ्याच्या करतात, तेही याचसाठी. खऱ्या डोंगरासारख्या त्या दिसत नाहीत, पण ट्रे त्यांवर सरळ उभा राहतो.

2015 मध्ये ‘एज ऑफ सिग्मार’ आला आणि गेम्स वर्कशॉपच्या या नव्या खेळात बेस गोल झाले, रांगेची सक्ती गेली. तरी गोल खाचांचे ट्रे निघालेच, कारण हलवायचे शिपाई काही कमी झाले नव्हते. 2024 साली ‘द ओल्ड वर्ल्ड’ या खेळाबरोबर चौकोनी बेस आणि सरळ रांगा परत आल्या. माणसांच्या जुन्या फौजांचे बेस 20 मिलिमीटरचे होते, नव्या नियमांत माणसांच्या पायदळाला 25 लागतात. त्यामुळे अनेक खेळाडू आता जुने बेस बसतील अशा खाचांचे, पण नव्या मापाचे ट्रे वापरतात. वर्षानुवर्षं रंगवलेला शिपाई बेसवरून उपटावा लागत नाही.