दसऱ्याचा हार घालण्याआधी स्कूटरचा पट्टा पाहा

खंडेनवमीला आपल्याकडे विळे, खुरपी, कुऱ्हाड, पाने, पकड, सगळे धुऊन पुसून ओळीने मांडले जाते. आता त्या ओळीत दारातली स्कूटरही असते. तिला झेंडूचा हार पडतो, हॅन्डलला आंब्याचा डहाळा लागतो, चाकाखाली लिंबू जाते. पण वर्षभर जो तिला ओढतो, त्या पट्ट्याची कुणाला आठवण होत नाही. तो डाव्या बाजूच्या झाकणाआड असतो आणि कित्येक घरांत ते झाकण गाडी आणल्यापासून एकदाही उघडलेले नसते.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या घरीही तसेच होते. चार म्हशी, सकाळ-संध्याकाळचे दूध, आणि ते केंद्रावर पोचवायला बिनगिअरची स्कूटर. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी त्या पावसात भिजत माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"भावजी, जरा बघा की वं. गाडी नुसती बोंबलतीया, जाग्यावरनं हलंना झालीया. सकाळी तर बरी घेऊन आलो की मी!"

गाडी ओढ्याजवळ उभी होती. फूटबोर्डावर दोन किटल्या, वीस लिटर दूध. मूठ पिळली की इंजिन मोठ्याने ओरडे, पण चाक जेमतेम हले. जळक्या रबराचा वास येत होता. मी गाडी ढकलत घरी आणली. दूसरी गाडी शोधेपर्यंत दूध घ्यायची वेळ टळून गेली होती. ते दूध परत आले आणि वहिनी रात्री उशिरापर्यंत चुलीपुढे खवा आटवत बसल्या. परत आलेल्या दुधाच्या किमतीत नवा पट्टा जवळजवळ आला असता.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडले तेव्हा आत काळी भुकटी साठली होती आणि पट्ट्याला भेगा गेल्या होत्या. पाच वर्षांत गाडीचे तेल वेळेवर बदलले होते, टायर बदलले होते, पट्टा मात्र कुणी पाहिला नव्हता. "ह्या गाडीला गिअर न्हाईत, म्हंजे त्यात बिघडायचं काय?" असे वहिनींना वाटत होते. त्यांनाच काय, पुष्कळांना तसेच वाटते.

गिअर आहेत, पण पट्ट्यात

बिनगिअरची गाडी म्हणजे गिअरचे काम नसलेली गाडी नव्हे. ते काम पट्टा आणि दोन पुल्या करतात. शेतकऱ्याला हे समजायला मुळीच अवघड नाही. गुऱ्हाळावर इंजिनाची पुली लहान आणि चरकाची मोठी का असते? इंजिन भराभर फिरते, चरक सावकाश फिरतो, पण जोर वाढतो. कडबाकुट्टीला मोटार जोडतानाही आपण पुलीचा हाच हिशेब करतो.

स्कूटरमध्ये हीच युक्ती आहे. फरक एवढाच, की इथे पुल्यांचा आकार चालता चालता बदलतो. प्रत्येक पुली दोन तिरप्या थाळ्यांची असते. थाळ्या लांब सरकल्या की पट्टा मधल्या खोबणीत खाली बसतो, म्हणजे पुली लहान झाली. थाळ्या जवळ आल्या की पट्टा वर चढतो, पुली मोठी झाली. गाडी उभी असताना पुढची पुली लहान आणि मागची मोठी असते. पुढची साधारण अडीच फेरे फिरेल तेव्हा मागची एक फेरा फिरते. म्हणून ओझ्यासह गाडी उचलते. वेग वाढला की पुढच्या पुलीतले छोटे गोल रोलर गोफणीतल्या दगडाप्रमाणे बाहेर फेकले जातात आणि थाळीला आत ढकलतात. पुढची पुली मोठी होते, मागची लहान, आणि गाडी पळू लागते. मागच्या पुलीवर एक मोठी स्प्रिंग असते, ती पट्टा ताणून धरते. तिच्याच बाहेर क्लच असतो. वेग आला की त्याच्या पट्ट्या पसरून भोवतीच्या वाटीला घट्ट धरतात आणि चाक फिरते.

ही तऱ्हा जुनी आहे. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली अशा पट्ट्यावर चालणारी छोटी मोटार लोकांपुढे आणली होती. आपल्याकडे ती रुजली १९८४ पासून, पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर काढलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरमुळे. तोवर स्कूटर म्हणजे डाव्या मुठीत क्लच दाबून गिअर पिळायचे, असाच हिशेब होता. पुढे २००१ साली ॲक्टिव्हा आली आणि बिनगिअरची गाडी गावोगाव पोचली. लुगडे नेसणाऱ्या बाईला, कॉलेजच्या मुलीला, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना, सगळ्यांना ती जमली. शिकायला सोपी झाली, पण आतले यंत्र नजरेआड गेले.

पट्टा आधी सांगतो

पट्टा बहुधा एकाएकी तुटत नाही. आधी खुणा देतो. त्या ओळखायला शिकले पाहिजे.

मूठ पिळल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर पट्टा किंवा क्लच घसरतो आहे. सुटताना गाडी थरथरते, तर क्लचच्या पट्ट्या गुळगुळीत झाल्या असतील किंवा त्यांत धूळ बसली असेल. पूर्वी सहज गाठत असे तो वेग आता मिळत नाही, तर पट्टा झिजून अरुंद झाला असेल. अरुंद पट्टा पुढच्या पुलीत पुरेसा वर चढत नाही. गाडी उचलायला जड झाली आणि डावीकडून टकटक येऊ लागली, तर रोलर एका बाजूने चपटे झाले असतील. पेट्रोल जास्त लागू लागले तरी एकदा इकडे पाहावे.

आपल्या भागात पट्ट्याचा कसही जास्त लागतो. गळिताच्या हंगामात रस्त्यावर उसाची पाचट आणि धूळ उडत असते. पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा चढ तिघे बसून आणि पिशव्या टांगून चढला, तर पट्टा तापतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे पाणी.

पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी

२०१९ आणि २०२१ साली पंचगंगेने काय केले ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. महामार्गसुद्धा शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. दारातल्या गाड्या किती बुडाल्या, त्याला गणती नाही. पण एवढा पूर नसला, तरी ओढ्याच्या पुलावरून गुडघाभर पाण्यातून गाडी घालणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

हा पट्टा तेलाने नव्हे, कडांच्या कोरड्या पकडीने चालतो. आत पाणी शिरले की तो घसरतो, घसरला की तापतो. गढूळ पाण्याबरोबर गाळही जातो, आणि गाळ म्हणजे पट्ट्याला व पुलीला पॉलिशपेपरच. म्हणून गाडी पाण्यात बुडाली असेल, तर ती चालू करून पाहू नये. इंजिनातही पाणी गेलेले असू शकते, तेव्हा थेट मिस्त्रीकडे न्यावी. नुसते पाण्यातून जाऊन आली आणि घसरू लागली, तर थांबावे आणि झाकण उघडून आतले पुसून सुकवावे. "चालवल्यावर सुकंल" म्हणून तशीच दामटू नये.

घरी काय करावे

वर्षातून दोनदा हे काम करावे. एकदा मृगाआधी आणि एकदा पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या साफसफाईत. तासाभराचे काम आहे. लागते ते इतकेच: झाकणाच्या बोल्टांना बसणारा टी-पाना (पुष्कळ गाड्यांना ८ चा लागतो), मऊ ब्रश, कोरडी फडकी, बॅटरी आणि एक पुठ्ठा.

गाडी थंड होऊ द्या आणि सपाट जागेवर मधल्या स्टँडवर लावा. किल्ली काढून खिशात ठेवा आणि प्लगची टोपीही काढून ठेवा. लहान मुलांना दूर बसवा, ओढणी आणि पदर खोचून घ्या. झाकण उघडे असताना इंजिन कधीही चालू करू नका. त्या पुल्यांत बोट गेले तर परत येत नाही.

पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढा आणि जो बोल्ट जिथून काढाल तो तिथेच पुठ्ठ्यात खोचा. बोल्ट लहानमोठे असतात. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला, तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. झाकण चिकटले असेल तर लाकडाने हलके ठोका, फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. किकचे यंत्र बहुधा झाकणातच असते. ते खोलू नका, आणि एखादा दाता किंवा चकती निसटली तर ती कुठे होती ते आधी पाहून ठेवा.

आता बॅटरी लावून पाहा. थोडी काळी भुकटी असतेच, मूठभर निघाली तर पट्टा झिजला. पुढची पुली हाताने हळूहळू फिरवत पट्टा सगळीकडून तपासा. बोटे पट्टा आणि पुलीच्या मध्ये जाऊ देऊ नका. दात तुटले आहेत का, भेगा आहेत का, धागे सुटले आहेत का, कडा आरशासारख्या चकाकतात का, हे पाहा. पट्टा किती रुंद असावा हे गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात दिलेले असते, मिस्त्रीकडून व्हर्नियरने मोजून घेता येते. किती किलोमीटरला बदलावा हेही पुस्तकात असते. पुष्कळ गाड्यांना तो वीस-पंचवीस हजारांच्या आसपास असतो. आपल्या रस्त्यांना आणि ओझ्याला तो त्याआधीही लागू शकतो.

आत कुठे तेलाचा ओलावा दिसला, तर सील गेले आहे. पुढे दिसला तर इंजिनाचे, मागे दिसला तर मागच्या गिअरपेटीचे. पुसून भागत नाही, सील बदलावे लागते.

साफ करताना भुकटी तोंडाने फुंकू नका, ती छातीत जाते. नाकाला रुमाल बांधा, ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने झाकण पुसा आणि चांगले सुकू द्या. काही गाड्यांत झाकणाला स्पंजची गाळणी असते, तीही स्वच्छ करा.

आणि एक सवय विसरा. गुऱ्हाळाचा पट्टा घसरला की आपण त्याला राळ लावत असू. इथे राळ नको, तेल नको, ग्रीस नको, रॉकेलही नको. कोरडा आणि स्वच्छ पट्टा हीच त्याची पकड.

मागच्या गिअरपेटीचे तेल इंजिनाच्या तेलापेक्षा वेगळे भरलेले असते, आणि तेही विसरले जाते. ते लागते फार थोडे, बहुधा शंभर-सव्वाशे मिलिलिटर. पुस्तकात सांगितले तेच आणि तेवढेच घाला.

मिस्त्रीचे काम मिस्त्रीला

पट्टा, रोलर किंवा क्लच बदलायचा असेल, तर तिथे घरचे काम संपले असे समजा. मागच्या क्लचचा मोठा नट दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो. तो नुसता सोडला तर स्प्रिंग उसळून तोंडावर येते. पुढचा नट सोडायला पुली धरणारे हत्यार लागते. पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवून तो सोडणारे लोक पाती मोडून बसतात. नवा पट्टा बसवतानाही एक मेख आहे. तो मागच्या पुलीत खोल दाबून पुढे ढिला करून घ्यावा लागतो. तसे न करता नट आवळला, तर पट्टा थाळीखाली चिमटतो, नट आवळल्यासारखा वाटतो आणि पुढे रस्त्यात ढिला होतो.

पण मिस्त्रीकडे गाडी सोडून निघून येऊ नका. उभे राहून पाहा. जुना पट्टा मागून घ्या आणि नव्याचा नंबर तुमच्या गाडीचाच आहे ना ते विचारा. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने बसला आहे ना तेही पाहा. ज्या कोल्हापुरात उद्यमनगरच्या लेथवर शेतीच्या इंजिनांचे भाग घडले, तिथल्या शेतकऱ्याला असे विचारायला लाज कसली?

वहिनींच्या गाडीचे झाकण पाऊस सरल्यावर त्यांच्या मुलीने उघडले. मी फक्त बॅटरी धरून बसलो होतो. ती एकेक बोल्ट पुठ्ठ्यात खोचत होती. नवा पट्टा स्वच्छ, कोरडा होता. तिने भुकटी झाडली आणि पुठ्ठ्याच्या मागे तारीख व गाडीचे किलोमीटर लिहून तो गोठ्यातल्या खुंटीला अडकवला.

"काका, आता पुढचं मृगाआधी," ती म्हणाली.

वहिनी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. झाकण अजून बसायचे होते.

"हितं कुटं लावायचं?" त्यांनी विचारले.

"आत नको, वहिनी. झाकणावर लावा."

त्यांनी झाकणावर बोट टेकवले, मग हार घातला. संध्याकाळी दूध वेळेवर गेले.