राक्षसतागडीची लढाई : स्थळ, वार आणि वृत्तान्त

विजयनगरच्या साम्राज्याचा कणा ज्या लढाईनें मोडला, ती लढाई शालेय पुस्तकांत ‘तालिकोटची लढाई’ या नांवानें आलेली आहे. इतिहासाच्या ग्रंथांत तिला राक्षसतागडीची लढाई असेंहि म्हणतात. परंतु या दोन्ही नांवांनीं सुचविलेल्या ठिकाणीं ती झालेली नाहीं. इतक्या प्रसिद्ध लढाईचें स्थळसुद्धां जर नांवामुळें चुकतें, तर तिचीं कारणें व परिणाम यांविषयीं रूढ झालेलीं विधानें किती तपासून घ्यावयास हवींत, हें वाचकांपुढें मांडावें, असा आमचा हेतु आहे.

प्रथम स्थळाचा विचार करूं. तालिकोट हें गांव विजापूर प्रांतीं डोण नदीच्या कांठीं, कृष्णेच्या बरेंच उत्तरेस आहे. १५६४ च्या अखेरीस अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडें व बेदर येथील चार शाह्यांच्या फौजा तेथें एकत्र झाल्या. गोटाचें नांव पुढें लढाईस चिकटलें, इतकेंच. राक्कसगी व तंगडगी हीं दोन गांवें प्रत्यक्ष कृष्णातीरीं आहेत खरीं, पण तीं उत्तर तीरावर. आणि लढाई तर नदी उतरल्यानंतर दक्षिण तीरावर झाली. रामरायाच्या सैन्यानें उतार अडवून धरले होते. तेव्हां शाह्यांच्या फौजांनीं दुसरीकडे उतरण्याची हूल देऊन नदीकांठानें कूच केलें, विजयनगरचे लोक समोरच्या कांठानें त्यांच्या मागें हलले, आणि मग एकाएकीं परत फिरून शत्रूनें मोकळा पडलेला उतार साधला, असें फिरिश्त्याच्या वृत्तान्तावरून दिसतें. लढाईचें मैदान कृष्णा व मुद्गल यांच्या दरम्यान शोधावें, असें जें रॉबर्ट स्यूएलनें १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें, तें या हालचालींशीं जुळतें.

आतां वार. फिरिश्ता हा दिवस हिजरी ९७२, जमादिलाखर २०, शुक्रवार असा देतो. गणित केलें असतां ही तारीख २३ जानेवारी १५६५ रोजीं पडते. शक १४८६, रक्ताक्षी नाम संवत्सर, माघ वद्य पक्ष. परंतु त्या दिवशीं वार येतो तो मंगळवार, शुक्रवार नव्हे. ही विसंगति स्यूएलच्याहि ध्यानांत आली होती. फिरिश्त्याचा जन्म या लढाईनंतरचा असून त्यानें आपला इतिहास विजापुरास, सतराव्या शतकाच्या आरंभीं लिहिला. चाळीस वर्षांच्या अंतरानें लिहिणाऱ्याच्या हातून, किंवा पुढील एखाद्या नकलनविसाच्या हातून, वार चुकणें अस्वाभाविक नाहीं. यावरून ग्रंथ त्याज्य ठरत नाहीं; फक्त तो समकालीन साक्षीदार नव्हे, एवढें ध्यानांत ठेवून त्यास प्रश्न विचारले पाहिजेत.

कारणांविषयीं सामान्य समजूत अशी कीं, हा दोन धर्मांमधील सरळ संग्राम होता. विजयाच्या वर्णनांत दरबारी लेखकांनीं तशी भाषा मुक्तहस्तानें वापरली आहे, यांत शंका नाहीं. तथापि आधींच्या पंचवीस वर्षांचा व्यवहार पाहतां चित्र निराळें दिसतें. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा गादीवर येण्यापूर्वीं सुमारें सात वर्षें विजयनगरच्या आश्रयास राहिला होता. अली आदिलशहा रामरायाच्या पुत्राच्या निधनानंतर स्वतः विजयनगरास समाचारास गेला होता, आणि त्यानेंच पुढें रामरायाच्या मदतीनें हुसेन निजामशहावर स्वारी केली. त्या युद्धांत हुसेनशहास कल्याणीचा किल्ला सोडावा लागला. म्हणजे रामरायाचें राजकारण शाह्यांना एकमेकांशीं झुंजवून आपला वरचष्मा राखण्याचें होतें. तें जोंवर साधलें तोंवर उत्तम साधलें. परंतु ज्या दिवशीं प्रत्येकास शेजाऱ्यापेक्षां रामरायाचें भय अधिक वाटूं लागलें, त्या दिवशीं तें उलटलें. हुसेनशहाची कन्या चांदबिबी अली आदिलशहास दिली गेली, आणि ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठीं दोन घराणीं वर्षानुवर्षें लढलीं, तो तिच्या आंदणांत गेला. आदिलशहाची बहीण निजामशहाच्या पुत्रास दिली गेली. हे दोन विवाह म्हणजेच लढाईची पूर्वतयारी होय.

प्रत्यक्ष लढाईंत मध्यभागीं हुसेन निजामशहा, उजवीकडे अली आदिलशहा व डावीकडे कुतुबशहा आणि बरीदशहा असे होते. विजयनगरच्या बाजूस वृद्ध रामराया स्वतः मध्यभागीं व त्याचे बंधु तिरुमल आणि वेंकटाद्रि बगलांवर होते. पहिल्या धडाक्यांत शाह्यांच्या दोन्ही बगला मागें रेटल्या गेल्या. हुसेनशहाचा तोफखाना चलबी रूमीखान याच्या हातीं होता. शत्रु जवळ येतांच त्यानें तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून मारा केला, असें फिरिश्ता लिहितो. त्या गर्दींत रामराया हातीं लागला व हुसेनशहानें त्याचा शिरच्छेद करविला. मस्तक भाल्यावर दिसतांच सैन्याचा धीर सुटला.

दुसरी हकीकत सीझर फ्रेडरिक या व्हेनिसच्या व्यापाऱ्याची आहे. हा १५६७ सालीं विजयनगरांत सात महिने राहिला होता. तो म्हणतो कीं, रामरायाच्याच पदरचे दोन मुसलमान सरदार ऐन लढाईंत उलटले, म्हणून पराभव झाला. फिरिश्ता या फितुरीचा उच्चारहि करीत नाहीं. दोघांपैकीं एकास सरळ खोटा ठरविण्याची घाई करूं नये. जित्यांच्या दरबारांत तोफांची कीर्ति टिकली, जितांच्या नगरांत फितुरीचें शल्य टिकलें; वृत्तान्त कोणाच्या अंगणांत वाढला, हें पाहिल्यावांचून त्याचें मोल करतां येत नाहीं.

याच संदर्भांत एका हस्तलिखिताचा उल्लेख अवश्य आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत आफताबी नामक कवीचें ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हें सचित्र फारसी काव्य आहे. हें लढाईच्या निकटच्या काळांत, विजेत्याच्याच दरबारीं रचलेलें. रामरायाच्या शिरच्छेदाचें चित्रहि त्यांत आहे. परंतु ज्या हुसेनशहाची ही स्तुति, तो लढाईच्याच वर्षीं वारला. त्याची राणी खुंजा हुमायून हिनें पुत्र मुर्तजा याच्या नांवें कारभार पाहिला. १५६९ सालीं तिला पदच्युत करून कैदेंत टाकण्यांत आलें. या ग्रंथांतील चित्रांत राजाशेजारीं बसलेल्या राणीची आकृति पुसून टाकलेली आढळते. काव्य विजयाचा इतिहास सांगतें. तो पुसट डाग विजयानंतरचा इतिहास सांगतो. एखाद्या हौशी संग्राहकानें ‘चित्र बिघडलें’ म्हणून तेथें नवा रंग भरला असता, तर हा दुसरा इतिहास कायमचा नाहींसा झाला असता.

परिणामांविषयींहि थोडें तारतम्य हवें. एका दिवसांत साम्राज्य संपलें असें म्हणतात. तें नगराविषयीं खरें, राज्याविषयीं नव्हे. विजयनगर लुटलें गेलें व ओसाड पडलें. पण तिरुमल नामधारी राजा सदाशिवराय यास घेऊन पेनुकोंड्यास गेला. सदाशिवरायाच्या नांवाचे कोरीव लेख या लढाईनंतरचेहि सांपडतात, आणि अरविडु घराण्याचें राज्य पुढील शतकाच्या मध्यापर्यंत कसेंबसें चाललें. मात्र दक्षिणेस एक सत्ता उरली नाहीं. रायचूर व मुद्गल विजापूरकडे गेलीं, नायक स्वतंत्र होत चालले, आणि गोव्याच्या पोर्तुगीजांचा विजयनगरशीं चालणारा घोड्यांचा किफायतशीर व्यापार बसला. या पोकळींतूनच विजापूरच्या फौजा पुढें कर्नाटकांत उतरल्या. रणदुल्लाखानाच्या स्वारींत बंगळूर हस्तगत होऊन तें शहाजीराजांकडे आलें, व त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनीं तंजावरास राज्य स्थापिलें. १६३९ सालीं इंग्रजांस मद्रासची जागा मिळाली, तीहि याच दुबळ्या झालेल्या राज्याच्या एका नायकाकडून.

सारांश, लढाईनें इतिहासाचा ओघ बदलला हें खरें. परंतु तो कसा बदलला, हें एखाद्या ठाशीव वाक्यावरून कळत नाहीं. तें चुकलेल्या वारावरून, गोटाच्या नांवावरून आणि पुसलेल्या आकृतीवरून कळूं लागतें. म्हणून संग्राहक बंधूंस आमची एकच विनंति आहे. पोथी हातीं आली म्हणजे तिच्यावरील खाडाखोड, समासांतील टीप, मालकाचा शिक्का, वाळवीनें खाल्लेलें पानसुद्धां जसेंच्या तसें राखावें. नक्कल करतांना चूक दिसली तरी मूळ पाठ आधीं जसाच्या तसा उतरावा व दुरुस्ती निराळी दाखवावी. फिरिश्त्याचा शुक्रवार कोणी परस्पर मंगळवार केला असता, तर आजच्या अभ्यासकास प्रश्न विचारण्याचें कारणच उरलें नसतें. इत्यलम्.