ध्वनीचा ड्रायव्हर आणि हरवलेले पटल

शाळेतील संगणक अद्ययावत झाल्यावर आवाज नियंत्रित करण्याचे परिचित पटल एकाएकी दिसेनासे होते. यंत्र बिघडले, असा समज मग सहजच होतो. पण तो बहुधा चुकीचा असतो.

कार्यप्रणाली आणि ध्वनीची चिप यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. पूर्वी रिअलटेक कंपनीच्या ड्रायव्हरबरोबरच त्याचे नियंत्रण-पटलही संगणकात येत असे. विंडोज १० च्या काळात मायक्रोसॉफ्टने ही दोन्ही वेगळी करण्याची पद्धत आणली. त्यानुसार नवे पटल ‘रिअलटेक ऑडिओ कन्सोल’ या नावाने मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून स्वतंत्रपणे येते. ड्रायव्हर उतरल्यावर इंटरनेट खंडित झाले, तर जुने पटल जाते आणि नवे पोचत नाही.

अशा वेळी शिक्षकांनी प्रथम स्पीकरची तार नीट बसली आहे की नाही, हे पाहावे. नंतर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आवाज कोणत्या साधनाकडे जात आहे, ते तपासावे. अद्ययावतीकरणानंतर ही निवड कधी कधी प्रोजेक्टरकडे वळलेली आढळते. एवढ्यानेही न भागल्यास डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण वापरावे. पूर्वीचा ड्रायव्हर संगणकात शिल्लक असेल, तर तो त्यायोगे परत येतो.

दुरुस्ती करणारास बोलावण्यापूर्वी एवढी तपासणी केल्यास शाळेचा पैसा वाचेल आणि कविता ऐकण्यास उत्सुक होऊन बसलेली मुले खोळंबणार नाहीत.